पंखो खयचो?

देवगड बंदरात मामा एका ट्रॉलरच्या इंजिनाचे इंजेक्टर उतरवून बसले होते. मी मोबाइल त्यांच्यापुढे धरला. अपघातात पुढचा भाग चेमटलेली एक मोटारसायकल होती, इंजिन मात्र शाबूत. "मामा, हे इंजिन मिळतंय. गाडीत बसवायचंय. चारचाकीत."

मामांनी चिंधीला हात पुसले, फोटो मोठा करून पाहिला आणि मोबाइल परत दिला. "इंजिन बरा आसा. पंखो खयचो?"

मला कळलंच नाही. मग त्यांनी सांगितलं. होडीला इंजिन कुठलं घ्यायचं हे कोणी आधी ठरवत नाही. होडी केवढी, ती ओढणार काय, पाणी किती खोल, यावरून पंखा, म्हणजे पाण्यात फिरणारा प्रोपेलर, ठरतो. पंख्यावरून शाफ्ट आणि गिअर. त्यानंतर इंजिनाची पाळी. "इंजिन मागून घे, झिला. पाण्याक कोण लागता, ता आधी बघ."

ही गोष्ट तीन वर्षांपूर्वीची, मी घरी किट कार बनवायला घेतली तेव्हाची. तोवर माझ्या वहीच्या पहिल्या पानावर इंजिनांचीच यादी होती. त्या संध्याकाळी मी नवीन पान उघडलं आणि वर लिहिलं: चाक.

किट कार म्हणजे सुट्या भागांतून, आराखडा समोर ठेवून घरी जोडायची गाडी. इंग्लंडमध्ये ही जुनी परंपरा आहे. कॉलिन चॅपमनची लोटस सेव्हन १९५७ साली आली, ती सुट्या भागांच्या रूपातही विकली जायची. १९७३ मध्ये तिचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले आणि त्याच आकाराच्या गाड्या आजही बनतात. पंचवीस मिलिमीटरच्या चौकोनी नळ्यांचा सांगाडा, दोन माणसं, लांब नाक, दार नाही, छप्पर नाही. माझा सांगाडा त्याच धर्तीचा. कुडाळच्या एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरने दीड मिलिमीटरहून थोड्या जाड पत्र्याच्या नळ्यांतून तो उभा केला.

गाडी चालवायची ती आमच्याच जागेत. कलमांच्या बागेतून सड्यावर जाणारा खाजगी रस्ता आहे, जेमतेम सव्वा किलोमीटर, अर्धा जांभ्याचा आणि अर्धा डांबरी. सार्वजनिक रस्त्यावर अशी गाडी नेता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल वाचला की नोंदणीकृत गाडीत मूळ रचनेशी विसंगत बदल चालत नाहीत हे स्पष्ट होतं. घरी बनवलेल्या गाडीची नोंदणी तर त्याहून अवघड. हे आधीच मनाशी पक्कं केलं म्हणून पुढची निवड सोपी झाली. सव्वा किलोमीटरच्या चढाला काय लागतं तेवढंच बघायचं होतं.

चाकापासून सुरुवात केली तर पहिला प्रश्न मागच्या एक्सलचा. मोटारसायकलला मागे एकच चाक, त्यामुळे डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, लागत नाही. चारचाकी वळणावर गेली की बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून ते हवंच. मग ते आणायचं कुठून? रिक्षाचं डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असतं, ते वेगळं काढून उपयोग नाही. टाटा नॅनोचं इंजिन मागे आणि गिअरबॉक्स त्याला चिकटलेला. शेवटी मारुती ओम्नीवर येऊन थांबलो. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, ताकद मागच्या चाकांना आणि मध्ये प्रोपेलर शाफ्ट. म्हणजे मागचा एक्सल आख्खा निघतो, ब्रेक ड्रमसकट. १९८४ पासून २०१९ पर्यंत ही गाडी बनत होती. कणकवलीपासून कोल्हापूरपर्यंत कुठल्याही भंगारवाल्याकडे तिचा एक्सल, तिचा क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा हलता सांधा), तिचं सील मिळतं. सील फाटलं तर दुसरं आणायला मला मुंबई गाठावी लागू नये, हा माझा पहिला निकष होता.

एक्सल घरी आणला तो पावसाच्या तोंडावर. मामेभाऊ आणि मी खळ्यात दोन चिऱ्यांवर तो ठेवला. आत दात किती ते उघडून मोजायची गरज नसते. एक चाक त्याने घट्ट धरलं. मी दुसऱ्या चाकावर आणि पिनियनच्या फ्लँजवर, म्हणजे शाफ्ट जिथे जोडतात त्या तबकडीवर, खडूने रेघ मारली आणि चाक सावकाश दोन फेरे फिरवलं. एक चाक अडवलं की दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे दोन्ही चाकांचा मिळून एक फेरा, डिफरन्शियलचं गणितच तसं आहे. फ्लँजवरची रेघ माझ्यासमोरून पाच वेळा गेली आणि सहाव्या फेऱ्यात जरा पुढे जाऊन थांबली. पाच आणि थोडंसं वर. वहीत दुसरी ओळ पडली.

आता इंजिन.

मनात होतं ते रॉयल एनफिल्डचं ६४८ सीसीचं जोडसिलिंडर. २०१८ साली ते आलं तेव्हापासून त्याच्या आवाजावर माझा जीव होता. ४७ अश्वशक्ती, खालच्या फेऱ्यांतच भरपूर ओढ. आवाज ऐकून इंजिन निवडावं असं वाटण्यात काही गैर नाही. ज्या यंत्रावर माणूस दोन वर्षं घालवणार, त्यावर त्याचं प्रेम असलंच पाहिजे. पण त्याच्या फिन्सवर हात ठेवला तेव्हा अडचण दिसली. हे इंजिन हवेने आणि तेलाने थंड होतं. मोटारसायकलवर ते उघड्या वाऱ्यात आडवं बसतं आणि दोन्ही सिलिंडरना सारखा वारा लागतो. सेव्हनच्या धर्तीच्या गाडीत इंजिन नव्वद अंशांत वळवून बसवायचं असतं, म्हणजे चेनची बाजू मागे येते आणि तिथून सरळ शाफ्ट जोडता येतो. तसं वळवलं की एक सिलिंडर पुढे आणि दुसरा त्याच्या पाठीमागे, वर बॉनेट. मागच्याला वारा कुठून मिळणार? मे महिन्यात सड्यावरच्या चढाला तो भाजून निघाला असता. मन मोडून ती ओळ खोडली.

पाण्याने थंड होणारं हवं, कारण पाणी नळीतून कुठेही नेता येतं. रेडिएटर नाकात, पंखा त्याच्या मागे, इंजिन कसंही वळवा. अशा रीतीने वहीत केटीएम ३९० मोटारसायकलचं इंजिन आलं. चाकणला बजाजच्या कारखान्यात बनणारं, २०१३ पासून आपल्या रस्त्यांवर असलेलं. मी घेतलं ते ३७३ सीसीचं, एकच सिलिंडर, ४३-४४ अश्वशक्ती. जुन्या मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन ३७ च्या आसपास द्यायचं, हे लक्षात घेतलं की आकडा किती मोठा आहे ते कळतं. शिवाय सिंधुदुर्गात त्याचे सुटे भाग मिळतात.

मग वहीतलं गणित जुळवलं, आणि या सगळ्या खटाटोपातला सर्वांत सुंदर क्षण मला तिथे मिळाला. मोटारसायकलवर पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) १५ दातांचं, मागचं ४५. म्हणजे मागचं चाक एकदा फिरायला गिअरबॉक्स तीनदा फिरतो आणि त्या एका फेऱ्यात गाडी सुमारे १.९ मीटर जाते. माझ्या गाडीत चाक एकदा फिरायला गिअरबॉक्स पाचाहून थोडा जास्त फिरणार आणि ओम्नीचं बारा इंची चाक सुमारे १.७ मीटरच जाणार. हिशोब केला तर तेवढ्याच अंतरासाठी गिअरबॉक्स जवळपास दुप्पट फिरतो. आता वजन. मोटारसायकल स्वारासकट सव्वादोनशे-अडीचशे किलो. माझी गाडी माझ्यासकट पावणेपाचशे. तीही दुप्पट! वजन दुप्पट आणि गिअरही दुप्पट हळू, म्हणजे चढाला लागताना त्या क्लचला पत्ताही लागणार नाही की आपल्या पाठीवर मोटारसायकल नसून गाडी आहे. त्याच्या प्लेटा जेवढ्या भारासाठी बनल्या तेवढाच भार त्यांच्यावर येणार. दीडशेच्या पुढे पळणारं इंजिन माझ्याकडे ऐंशी-पंच्याऐंशीला थांबेल, पण आमच्या रस्त्याला त्याच्या निम्माही वेग नको आहे. ओम्नीचा एक्सल मी सील मिळतं म्हणून घेतला होता. तो ३९०ला असा जुळेल हे मी ठरवलेलं नव्हतं. रात्री अकरा वाजता मी मामांना फोन करून हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मगे? पंखो आधी बघलंस म्हणान गावलो."

फिरण्याची दिशाही जुळली. चेनची बाजू मागे केली की शाफ्ट ज्या दिशेने फिरतो तीच दिशा ओम्नीच्या पिनियनला हवी असते. ती उलट निघाली असती तर एकाच्या जागी सहा मागचे गिअर मिळाले असते. म्हणून इंजिन घ्यायच्या आधी खडू घेऊन हेही तपासावं.

शाफ्ट घ्यायचा की चेन ठेवायची, यावर बरेच दिवस गेले. चेनच्या बाजूने इतिहास आहे. १९४६ साली इंग्लंडमध्ये सर्बिटनला चार्ल्स आणि जॉन कूपर या बापलेकांनी दोन फियाट टोपोलिनोंचे पुढचे भाग जोडून एक छोटी शर्यतीची गाडी बनवली आणि तिला जॅप कंपनीचं ५०० सीसीचं मोटारसायकलचं इंजिन लावलं. इंजिन चेनवर चालणारं, चेन मागच्या चाकांना जाणार, म्हणून त्यांनी ते चालकाच्या पाठीमागे ठेवलं. सोयीचं होतं, एवढंच कारण. पण त्याच वाटेने पुढे १९५९ आणि १९६० मध्ये जॅक ब्रॅबम मागे इंजिन असलेल्या कूपरमध्ये जगज्जेता झाला आणि पुढे इंजिन असलेल्या शर्यतीच्या गाड्यांचे दिवस संपले. एका चेनने गाडीचा आकार बदलला! हे वाचलं तेव्हा मी खूप वेळ तसाच बसून होतो.

तरी मी चेन घेतली नाही, कारण कोकण. उघडी चेन, वर लाल माती, त्यावर खारा वारा. आमच्याकडे दाराच्या बिजागऱ्या दोन पावसाळ्यांत गंजतात. मामांच्या भाषेत, "हयसर मीठ सगळ्याक खाता." बंद हाउसिंगमध्ये तेलात बुडालेले एक्सलचे गिअर, क्राउन-पिनियन, मिठाला सापडत नाहीत.

याच मिठाने नट-बोल्टही निवडायला लावले. आधी मी सगळीकडे स्टेनलेस लावायचं ठरवलं होतं. मामांनी अडवलं. ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये स्टेनलेसचा बोल्ट घातला आणि त्यात खारी ओल गेली की बोल्ट तसाच राहतो आणि ॲल्युमिनियम झिजतं. होडीच्या शाफ्टला याच कारणासाठी जस्ताचे तुकडे लावतात: जस्त आधी झिजतं आणि बाकीचं वाचवतं. शिवाय ताकदीचा प्रश्न. नेहमीचा स्टेनलेसचा बोल्ट ७०० मेगापास्कलचा, ८.८ दर्जाचा पोलादी बोल्ट ८०० चा. म्हणून इंजिनाच्या माउंटिंगला ८.८ आणि १०.९ चे जस्त चढवलेले बोल्ट, आट्यांना भरपूर ग्रीस, आणि दर पावसाळ्यानंतर उघडून बघायचं. दिव्यांना, पत्र्यांना, जिथे भार नाही तिथे ३१६ स्टेनलेस. ३०४ स्वस्त पडतं, पण समुद्राकाठी ते डागाळतं. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते खाऱ्या हवेला जास्त टिकतं. पत्र्याच्या तुकड्यावर दोन्ही बोल्ट ठोकून मी तो आगरात टांगून ठेवला होता. गणपती येईपर्यंत फरक डोळ्यांना दिसत होता.

आता चूक. इंजिनाच्या शाफ्टवर आटे नसतात, खाचा असतात, स्प्लाइन. त्या खाचांत बसेल असा भाग नव्याने बनवण्याऐवजी जुन्या पुढच्या स्प्रॉकेटचे दात कापून त्याच्यावर फ्लँज लावायचा, ही सगळीकडची पद्धत. एका वर्कशॉपमध्ये मी तो वेल्डिंग करून घेतला. दिसायला छान होता. बागेतल्या सपाट तुकड्यावर पहिल्यांदा गाडी हलली तेव्हा घरचे सगळे बाहेर आले होते. आई तुळशीपाशी उभी होती. तिसऱ्या फेरीला ठण्ण असा आवाज आला, इंजिन पळतंय आणि गाडी उभी. वेल्डिंगच्या कडेने केसासारखा तडा गेला होता आणि मग तुकडाच पडला. स्प्रॉकेटचं पोलाद कडक केलेलं असतं. ते तसंच वेल्ड केलं की शेजारचा भाग ठिसूळ होतो, हे मला तेव्हा ठाऊक असायला हवं होतं.

पण खरं कारण त्याहून आत होतं आणि ते शोधायला महिना गेला. मोटारसायकलच्या मागच्या हबमध्ये रबरं असतात. एकच मोठा सिलिंडर, त्याचा प्रत्येक ठोका हातोड्यासारखा येतो. तो ठोका ती रबरं गिळतात, म्हणून चेन आणि गिअर टिकतात. मी मागचं चाक काढून टाकलं तेव्हा ती रबरंही गेली. पोलादाला पोलाद जोडलं, मग प्रत्येक ठोका सरळ वेल्डिंगवर. निवडीच्या यादीत जो भाग कुठेच नव्हता, नकाशात ज्याला नाव नव्हतं, त्यानेच गाडी थांबवली.

दुसरा फ्लँज कोल्हापूरला उद्यमनगरात केला. फोंडा घाटाने तीन खेपा झाल्या. तिथल्या टर्नरने स्प्रॉकेट लेथला लावून डायल गेजने केंद्र बघितलं आणि सहा बोल्ट घालून फ्लँज जोडला, वेल्डिंगचा थेंब नाही. फ्लँज आणि शाफ्ट यांच्यामध्ये जाड रबराचं कपलिंग. आता इंजिन सुरू केलं की हाताला कळतं: ठोका रबरापर्यंत येतो आणि पुढे शाफ्ट नुसता फिरतो.

बाकीच्या गोष्टी त्यामानाने लवकर उरकल्या. क्लचची केबल हाताच्या लिव्हरसाठी असते, तिला काही मिलिमीटरच ओढायचं असतं. पायात जोर जास्त, म्हणून पेडलला अडण लावलीच पाहिजे, नाहीतर केबल तुटते. साइड स्टँडचा स्विच आणि गाडी पडली तर इंजिन बंद करणारा सेन्सर, दोन्ही जपून मूळ वायरिंगसकट घ्यावेत. तो सेन्सर मोटारसायकलवर जसा उभा होता तसाच उभा बसवावा. मोटारसायकलच्या गिअरबॉक्सला मागचा गिअर नसतो. आमच्या पाणंदीला दोन्ही बाजूंनी जांभ्याचे गडगे, गाडी फिरवायला जागा नाही. म्हणून शाफ्टच्या फ्लँजवर दातेरी रिंग आणि तिला मारुतीचा स्टार्टर मोटर, बटण दाबलं की गाडी मागे सरकते. स्टार्टर तापतो, तेव्हा एका वेळी काही सेकंदच. बॅटरीही मग गाडीची, ३५ ॲम्पिअर-अवरची.

तेलाबद्दल मात्र सांगायला हवं, कारण इंजिन मरतं ते तिथे. मोटारसायकल वळणावर कलते, म्हणून चेंबरमधलं तेल तळाशीच राहतं. गाडी कलत नाही. लांब वळणावर तेल एका बाजूला चढतं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग कोरडी फिरतात. मामांनी मला एका होडीची डिझेलची टाकी उघडून दाखवली. आत आडव्या पट्ट्या, खाली भोकं. "तेल खंय जातला, ता बघ. थयसर भिंत घाल." चेंबर उतरवून आम्ही ॲल्युमिनियमच्या तशाच पट्ट्या बसवल्या आणि तेल घ्यायच्या तोंडाभोवती पेटी केली.

शेवटी शाफ्टची लाइन बघायची वेळ आली. सांगाडा रिकामा, चार घोड्यांवर उभा. मी फीलर गेज काढला. मामा म्हणाले, "होडी पाण्यात गेल्याबिगर लाइन बघूची नाय." होडी जमिनीवर एका आकाराची असते, पाण्यात उतरली की लाकूड थोडं बदलतं. जमिनीवर जुळवलेली लाइन पाण्यात सुटते. म्हणून गाडी चाकांवर उतरवली. टाकी भरली. माझ्या सीटवर आंब्याच्या भरलेल्या पेट्या रचल्या, माझं वजन होईपर्यंत. मागची स्प्रिंग दबून गाडी खाली बसली, एक्सल वर आला आणि शाफ्टचा कोन डोळ्यांदेखत बदलला. मग इंजिनाच्या माउंटिंगखाली पातळ वायसर घालत, काढत, दोन्ही टोकांचे कोन सारखे करत आम्ही दुपार घालवली. क्रॉसला अगदी सरळ रेषाही चालत नाही. त्याच्या बेअरिंगमधल्या सुयांना थोडं हलायला मिळालं पाहिजे, म्हणून दोन-तीन अंश ठेवले.

चारच्या सुमारास पेट्या उतरवल्या. मी बसलो, शेजारी मामा. बागेतून वर निघालो, पहिल्यात, मग दुसऱ्यात. गुडघ्यापाशी गिअरचा खटका पडत होता. जांभ्याचा रस्ता संपून डांबर लागलं तशी इंजिनाने वर आवाज लावला. सड्यावर पोचलो तेव्हा पलीकडे पवनचक्क्या दिसायला लागल्या आणि समुद्राचा वारा थेट तोंडावर आला. मी बघत होतो रेडिएटरच्या काट्याकडे. मामांनी डोळे मिटले होते आणि हाताचा पंजा शाफ्टवरच्या पत्र्यावर सपाट ठेवला होता.

"मागचो क्रॉस बोलता हा," ते म्हणाले. "थोडोच. उद्या एक वायसर काढूया."